मनाई हुकूम म्हणजे निकाल नव्हे

सप्टेंबर सरत आला, ज्वारीच्या पेरण्या सुरू झाल्या, की शिवारात हिंडताना एखादे रान हमखास नजरेत भरते. चारी बाजूंनी पाभरी चाललेल्या असतात आणि मध्येच दीड-दोन एकरांत कुंदा, हराळी, गाजर गवत माजलेले. शेजारच्याला विचारावे, "का हो, हे रान असं पडीक का?" उत्तर ठरलेले. "कोर्टाचा स्टे हाय, साहेब." किती दिवसांचा? "झाली की चार-पाच वर्सं." आणि स्टे उठवायला अर्ज केला होता का? इथे मात्र बोलणे थांबते. "वकील बघत्यात," एवढेच.

आम्ही विस्ताराची माणसे बियाणे, खते, कीड यांवर रोज बोलतो. एकरी दोन पोती जादा कशी निघतील याच्या बैठका घेतो. पण जे रान पेरलेच जात नाही, त्याचे शून्य उत्पन्न कोणत्या बैठकीत मोजायचे? म्हणून आज खतांच्या मात्रा बाजूला ठेवून या स्टेबद्दल, म्हणजे कोर्टाच्या मनाई हुकुमाबद्दल लिहितो आहे. मी वकील नाही आणि वकिलाची जागाही घेत नाही. पण गावोगावी जे पाहिले आणि कायद्यात जे लिहिले आहे, त्यावरून माझे मत सरळ आहे. बरेचसे मनाई हुकूम वर्षानुवर्षे टिकतात ते कोर्टाने तसे ठरवले म्हणून नव्हे. ज्याच्याविरुद्ध हुकूम आहे तो शेतकरी उठून उभाच राहत नाही, म्हणून ते टिकतात. वाट कायद्याने ठेवलेली आहे. ती हंगामाच्या आत चालायची असते, एवढेच.

हुकूम कशाचा असतो?

दिवाणी दावा दाखल झाला की त्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज येतो. आपल्याकडच्या कोर्टात त्याला 'निशाणी ५' म्हणतात. दाव्याचा निकाल लागायला वर्षे जातात. तोवर वादातली वस्तू कोणी विकू नये, मोडू नये, कब्जा बदलू नये, म्हणून दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ मधल्या आदेश ३९ खाली कोर्ट ही मनाई देते. ती देताना तीन गोष्टी पाहिल्या जातात. वादीची केस वरवर पाहता तरी खरी वाटते का? मनाई दिली तर जास्त अडचण कोणाची, आणि नाही दिली तर कोणाची? आणि होणारे नुकसान पैशाने भरून येण्यासारखे आहे का?

यात मालक कोण, हे कुठेच ठरत नाही. हुकूम झाला म्हणजे "आपुन हारलो" असे समजून घरात बसणारे मी पाहिले आहेत. तसेच हुकूम मिळाला म्हणून पेढे वाटणारेही पाहिले आहेत. दोघांचेही चुकते. मनाई हुकूम हा दाव्यातला पडाव आहे, मुक्काम नव्हे.

आणि हेही सांगितले पाहिजे, की मनाई हुकूम ही वाईट गोष्ट नाही. नवरा गेल्यावर एखाद्या बाईच्या रानात दीर नांगर घालू लागला, तर तो कागद हेच तिचे कुंपण असते. असे कुंपण उठवायच्या युक्त्या सांगण्यासाठी हा लेख नाही. अर्धी गोष्ट सांगून, खोटे बोलून मिळवलेला किंवा गरज संपूनही नुसता पडून राहिलेला हुकूम रानाला जो खातो, त्याबद्दल हे लिहिणे आहे.

आधी हुकूम वाचा

पहिले काम म्हणजे हुकुमाची नक्कल काढणे. गंमत वाटेल, पण कित्येकांनी आपल्याविरुद्धचा हुकूम डोळ्यांनी पाहिलेलाच नसतो. बेलीफ आला, सही घेतली, कागद ट्रंकेत गेला. आता तर केसचा सीएनआर क्रमांक माहीत असला की ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपवर पुढची तारीख दिसते, अपलोड झालेले आदेशही वाचता येतात. पोराला सांगा, वाचून दाखवेल.

वाचताना तीन गोष्टींवर बोट ठेवा. गट नंबर कोणता आणि क्षेत्र किती? मनाई कशाची आहे? आणि हुकूम आपले ऐकून झाला की न ऐकता? गट तीन एकरांचा असतो, वाद बांधालगतच्या पाच गुंठ्यांचा असतो आणि मनाई तेवढ्या पाच गुंठ्यांपुरतीच असते. तरी भीतीपोटी सगळे तीन एकर पडीक ठेवलेले असतात. कुठे मनाई फक्त जमीन विकायला असते, पेरायला नसते. हुकुमात नुसते 'जैसे थे' लिहिले असेल आणि कब्जा कोणाचा हे त्यातून कळत नसेल, तर त्याचा खुलासा करून द्यावा असा अर्ज त्याच कोर्टात करता येतो. अंदाजाने वागू नका.

उठवण्याची वाट

समोरच्याला नोटीस देऊन मगच मनाई, हा मूळ नियम आहे. नोटीस देत बसलो तर हेतूच फसेल असे वाटले, तरच कोर्ट एकतर्फी हुकूम देते आणि तेव्हा कारणे लिहावी लागतात. असा एकतर्फी हुकूम मिळाला, की वादीने अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा आणि कागदपत्रांच्या नकला तुम्हाला ताबडतोब पोचवायच्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायच्या असतात. तसे केल्याचे प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोर्टात द्यायचे असते. हे झाले नसेल तर आपल्या वकिलाला ते म्हणण्यात ठळकपणे मांडायला सांगा.

पुढचा नियम प्रत्येक शेतकऱ्याने पाठ करावा असा आहे. एकतर्फी मनाई दिल्यापासून ३० दिवसांत त्या अर्जाचा अंतिम निर्णय करण्याचा कोर्टाने प्रयत्न करायचा असतो. नाही जमले तर का नाही, याची कारणे नोंदवायची असतात. हा नियम ३-अ. पण होते काय? पहिल्या तारखेला वकीलपत्र, दुसऱ्या तारखेला म्हणणे देण्यासाठी मुदत मागायची, तिसऱ्यालाही मुदत. म्हणजे ३० दिवस आपणच खाल्ले, आणि नंतर पारावर बसून म्हणायचे, "कोर्टात काय खरं नाही." अहो, म्हणणे तर द्या! ते पहिल्या नाहीतर दुसऱ्या तारखेला गेलेच पाहिजे. आपण म्हणणे देऊनही ३० दिवसांत निर्णय झाला नाही, तर थेट वरच्या कोर्टात अपील करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आहे.

हुकूम रद्द करा, बदला किंवा बाजूला ठेवा असा अर्ज आदेश ३९ च्या नियम ४ खाली करता येतो, आणि तो हुकूम देणाऱ्या कोर्टातच करायचा असतो. वादीने महत्त्वाच्या मुद्द्यावर जाणूनबुजून खोटे किंवा दिशाभूल करणारे सांगून एकतर्फी हुकूम घेतला असेल, तर कोर्टाने तो उठवायचा असतो. तो न उठवण्याची न्यायाच्या दृष्टीने काही कारणे असतील, तर ती लिहावी लागतात. म्हणून वादीच्या प्रतिज्ञापत्राची ओळ न् ओळ तपासा. "जमीन पूर्वीपासून आमच्याच वहिवाटीत आहे" असे लिहिले असेल आणि त्याच रानात तुमचा ऊस उभा असेल, तर तुमचा मुद्दा तिथेच आहे.

दोन्ही बाजू ऐकून हुकूम झाला असेल, तर वाट अरुंद होते, पण बंद होत नाही. नंतर परिस्थिती बदलली किंवा हुकुमामुळे आपल्याला अवाजवी त्रास होतो आहे हे दाखवले, तर तोही बदलता येतो. शिवाय निशाणी ५ वरच्या आदेशाविरुद्ध अपील आहे. तालुक्याच्या कनिष्ठ स्तर कोर्टाचा आदेश असेल तर जिल्हा न्यायालयात, ३० दिवसांच्या आत. नकलेचा अर्ज आदेश झाला त्याच दिवशी टाका. आणि उन्हाळी सुटी लक्षात ठेवा. मे महिन्यात दिवाणी कोर्टे सुटीवर असतात, फक्त तातडीची कामे चालतात. खरिपासाठी स्टे उठवायचा असेल तर धावपळ मार्चमध्ये करायची, मृगाचे ढग आल्यावर नव्हे.

हंगाम हाच पुरावा

इथे आमच्या खात्याचे ज्ञान उपयोगी पडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. "माझे नुकसान होत आहे" एवढे लिहून कोर्टाला काही कळत नाही. नुकसान तारखेने आणि आकड्याने सांगावे लागते. रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्याभरातली. पुढची तारीख नोव्हेंबरात पडली, तर तो हंगाम गेला, मग निकाल काहीही लागो. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टची, पूर्वहंगामीची ऑक्टोबर-नोव्हेंबरची. डाळिंबाचा बहार धरायची वेळ एकदा चुकली, की वर्षाचे गणित बिघडले. हे सगळे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'कृषिदर्शनी'त छापलेले असते. त्या पानाची प्रत अर्जाला जोडा. दिवसभर पंचवीस फायली बघणाऱ्या न्यायाधीशाला पाभर कधी चालते हे आपण दाखवल्याशिवाय कसे दिसणार?

दुसरा पुरावा वहिवाटीचा. सातबारा, त्यातली गाव नमुना १२ ची पीक नोंद, आठ-अ, फेरफार हे तर हवेतच. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, पण महसुली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. त्याच्या जोडीला सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा, पीकविम्याची पावती, कारखान्याची ऊस नोंद, कालव्याची पाणीपट्टी, मोटारीचे लाइट बिल, खत-बियाण्याच्या पावत्या द्या. आणि ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आपण स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो टाकतो. कित्येक जण ती नोंद अनुदानापुरती करतात, नाहीतर कंटाळा करतात. वादातल्या रानाची नोंद मात्र एकही हंगाम चुकवू नका. लगतच्या खातेदारांची प्रतिज्ञापत्रेही मोलाची. बांधाचा वाद असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी आणा किंवा कोर्टामार्फत मोजणी करून मागा. पाच गुंठ्यांचा वाद शंभर साक्षींपेक्षा एका नकाशाने लवकर मिटतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कब्जा कोणाचा, याचा दाखला देणे आमच्या खात्याच्या हातात नाही. तो मागू नका आणि कोणी देऊ केला तर घेऊ नका. तो कोर्टात टिकत नाही, उलट अंगाशी येतो.

सगळा उठत नसेल तर वळवून घ्या

स्टे एक तर राहतो नाहीतर उठतो, असे आपण धरून चालतो. पण कायद्यात 'बदला' हा शब्दही आहे, आणि माझ्या मते शेतकऱ्याच्या सर्वांत उपयोगाचा तोच आहे. मालकीचा वाद चालू द्या, पण रान पडीक का ठेवायचे? कोर्टाला सांगता येते, की या हंगामाचे पीक घेऊ द्या, खर्च-उत्पन्नाचा हिशेब देतो, निकाल विरुद्ध गेला तर एवढी रक्कम भरीन असे हमीपत्र देतो. पडीक रानाचा फायदा वादीलाही नसतो. हे मुद्देसूद मांडले तर पारडे आपल्याकडे झुकण्याची शक्यता वाढते.

उभ्या पिकाचे तर आणखी सोपे. दिवाणी संहितेत उभे पीक हे जंगम मालमत्तेत धरले आहे, आणि लवकर नासणाऱ्या जंगम मालाची दावा चालू असतानाही विक्री करण्याचा आदेश कोर्ट देऊ शकते. आमच्या भागातल्या एका तात्यांचा ऊस असाच स्टेत अडकला होता. तोड आली, समोरच्याने टोळी अडवली. तात्या म्हणाले, "पेटवून देतो, पर त्याला मिळू देत नाही." पोरगा शहाणा होता. त्याने वकिलामार्फत अर्ज दिला, की ऊस कारखान्याला जाऊ द्या आणि बिल निकाल लागेपर्यंत कोर्टात जमा राहू द्या. ऊस गेला, खोडवा राखला गेला, पैसे सुरक्षित राहिले. भांडण अजून चालू आहे, पण रान जिवंत आहे.

हे करू नका

रात्रीत ट्रॅक्टर घालून स्टे उठत नाही. हुकूम चुकीचा असला तरी तो असेपर्यंत पाळावाच लागतो. मोडला तर नियम २-अ खाली मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात बसावे लागू शकते. वर हाणामारीची फौजदारी केस. चांगली बाजू असलेले लोक एका रात्रीत वाईट बाजूला गेलेले मी पाहिले आहेत.

दुसरी एक अफवा अजून गावात फिरते, की सहा महिने झाले की स्टे आपोआप उठतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली खटल्यांच्या कामकाजावरील स्थगितीबद्दल तसे म्हटले होते हे खरे. पण २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा कॅलेंडर बघून रानात उतरू नका. हातात कोर्टाचा आदेश आल्याशिवाय स्टे उठला असे नाही. आणि उठल्यावर त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात असेल, तर आदेशाची प्रमाणित नक्कल तलाठ्याकडे, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे देऊन ती कमी करून घ्या. नाहीतर बँक पुढच्या वर्षी कर्जाला नाही म्हणते.

पुरेशा कारणाशिवाय स्टे आणणाऱ्यांनीही ऐकावे. तसे ठरले तर कलम ९५ खाली ५०,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यावी लागू शकते. हे कलम फारसे कोणी वापरत नाही. ते वापरले जावे, असे माझे मत आहे.

ज्याचा हक्क त्याला द्या

आता थोडे कडू. वाटपाच्या दाव्यात बहिणीने जमीन विकण्यावर मनाई आणली, की भाऊ मला विचारतात, "ह्यो स्टे कसा उठवायचा, साहेब?" मी म्हणतो, आण्णा, हा उठवू नका, हिस्सा द्या. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. वडील त्यावेळी हयात असले-नसले तरी तो जन्मानेच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पक्के केले. तिथे दहा वर्षे भांडून शेवटी द्यायचे तेच आज द्या. स्टे उठवण्याची सर्वांत जवळची वाट म्हणजे तडजोड. लोकअदालतीत झालेला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही आणि कोर्ट फी परत मिळते. शेजाऱ्यांच्या जमिनी एकमेकांच्या वहिवाटीत १२ वर्षांहून जास्त काळ असतील, तर २०२३ साली आलेल्या सलोखा योजनेत नाममात्र १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल करता येते. योजना मुदतीची आहे, म्हणून चालू मुदत आधी विचारून घ्या.

समोरचा स्टे आणणार अशी कुणकुण लागली असेल, तर आधीच कोर्टात कॅव्हेट टाकून ठेवा. ते ९० दिवस चालते आणि त्या काळात तुम्हाला कळवल्याशिवाय हुकूम होत नाही. वकिलाचे पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

माझी एक सूचना आहे. खरिपाच्या आणि रब्बीच्या आधी आमच्या खात्याचे गावोगाव मेळावे होतात. त्यात बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकाबरोबर तालुका विधी सेवा समितीच्या वकिलाला अर्धा तास द्यावा. गावात कोणाचे रान स्टेत पडीक आहे, त्याची पुढची तारीख कधी, म्हणणे दिले की नाही, एवढे जरी विचारले तरी बरेच काम होईल. वकील मंडळींनाही विनंती, की पक्षकार शेतकरी असेल तर तारीख घेताना पेरणीचा महिना बघा.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. पण समोरच्याने आपल्याला एकदा त्या पायरीवर नेऊन उभे केले, तर मग खालीच बसून राहण्यात शहाणपण नाही. नक्कल काढा, म्हणणे द्या, हंगामाची तारीख कोर्टासमोर ठेवा. दावा चालायचा तेवढा चालेल. रानाने मात्र तेवढा वेळ पडीक राहू नये.